खटारा म्हणायचं नाही, झकासही म्हणायचं नाही

जयपुरात अण्णांच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी माणसाला आम्ही फाटकाबाहेरच दोन गोष्टी बजावून ठेवतो. दारातल्या गाडीला खटारा म्हणायचं नाही आणि झकासही म्हणायचं नाही. ‘मग म्हणायचं तरी काय?’ असं नवखा विचारतोच. काहीच म्हणायचं नाही. काकूंच्या हातचा चहा घ्यायचा, गावाकडे, विट्याला, पाऊसपाणी काय म्हणतंय ते विचारायचं आणि अंधार पडायच्या आत निघायचं.

न ऐकणारे भेटतातच. बँकेत बदलून आलेल्या एका साहेबांनी पहिल्याच भेटीत विचारलं, ‘‘अण्णा, हे डबडं भंगारात का नाही देऊन टाकत?’’ अण्णांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि रॅक-पिनियनचं स्टिअरिंग, टॉर्शन बारचं सस्पेन्शन यांवर असं काही ऐकवलं की साहेबांच्या चहावर साय धरली. पुढच्या खेपेला साहेब शहाणे होऊन आले. म्हणाले, ‘‘काय गाडी आहे अण्णा! अशी आता होणे नाही.’’ अण्णांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ‘‘कुणी सांगितलं तुमास्नी? ब्रेक मारला तर लागंल, न्हाईतर न्हाई. पावसात दारातनं पाणी येतंय आन पायापाशी साठतंय. असली गाडी आता होत न्हाई त्येच बरं हाय की!’’

अण्णा गलाईवाले. म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी माळावरून ही माणसं निघाली आणि देशात जिथे जिथे सराफकट्टा आहे, तिथे तिथे भट्टी पेटवून बसली. अण्णांचे वडील जयपूरच्या जोहरी बाजारात बसले. त्यामुळे अण्णांची घरातली बोली विट्याची, बाजारातली हिंदी जयपूरची, आणि मिस्त्रीशी बोलताना दोन्हींची आटणी. सोन्याचा टंच काढण्यात मात्र त्यांचा हात धरणारा नाही. कसोटीवर एक रेघ ओढली, तेजाबाचा थेंब सोडला, की समोरच्याच्या आजीच्या पाटल्यांत तांबं किती ते सांगून मोकळे. या माणसाला आयुष्यात एकाच वस्तूचा टंच काढता आलेला नाही, आणि ती दारात उभी आहे.

ती आली तीही बुडीत खात्यातून. एका व्यापाऱ्याकडे वडिलांची मजुरी थकली होती. रोकड निघेना, तेव्हा त्याने किल्ली पुढे केली. वडिलांना मोटार चालवता येत नव्हती. पण दारी आलेली लक्ष्मी परत लावू नये म्हणून दोन हमाल लावून त्यांनी ती ढकलत घरी आणली. ढकलण्याची परंपरा ती तिथून.

गाडी म्हणजे मॉरिस मायनर. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सने, म्हणजे पुढे अॅम्बॅसडर काढणाऱ्यांनीच, ती ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने विकली. 918 सीसीचं इंजिन, सत्तावीस-साडेसत्तावीस घोडे, आणि पुढची काच मधोमध दुभागलेली. 1948 साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांपुढे आली, पण तिच्यावरून दोन तट त्याच्या आधीच पडले होते. आखणारा अॅलेक इसिगोनिस, ज्याने नंतर मिनी काढली, तो तिच्यावर खूष. आणि कंपनीचे धनी लॉर्ड नफिल्ड यांनी तिला पाहून ‘हे तर पोच्ड एग’ म्हणत नाक मुरडलेलं. अण्णांचा शेजार जैन जोहऱ्यांचा. त्यामुळे ही गोष्ट सांगताना ते अंड्याच्या जागी इडली घालतात. ‘‘लाटसाहब बोले, ये तो इडली है!’’ शेजारी गाडीकडे नीट बघून म्हणतात, ‘‘तो गलत क्या बोले, अण्णाजी?’’ मग अण्णा बाण सोडतात, की याच इडलीचा खप दहा लाखांवर गेला, तोवर इंग्लंडच्या कुठल्याच मोटारीला ते जमलं नव्हतं. आणि 1972 मध्ये दुकान बंद झालं तोवर आकडा 16 लाखांच्या पुढे होता.

अण्णांचा खरा आवडता भाग बॉनेटवर आहे. पाहुण्याचं बोट धरून ते बॉनेटच्या मधोमध असलेल्या उभ्या पट्टीवरून फिरवतात. नमुना तयार झाल्यावर इसिगोनिसला गाडी फार अरुंद वाटली. त्याने ती उभी कापायला लावली, दोन्ही भाग डोळ्यांना बरे दिसेपर्यंत लांब सरकवले आणि चार इंचांवर ‘बस’ म्हणाला. बंपर आधीच बनून पडले होते, म्हणून तेही मधोमध कापून मध्ये तुकडा घालावा लागला. ही हकिगत अण्णा भारावून सांगतात आणि पाहुणा भारावला की लगेच फिरतात, ‘‘म्हंजे बगा, आधी माप घ्याची अक्कल न्हवती!’’

आपल्या पोराबद्दल मराठी बाप जसा बोलतो, तसंच हे. मास्तरांनी तक्रार केली की मास्तर बिनडोक, आणि कौतुक केलं की ‘कसलं हो, घरी पुस्तकाला हात लावत नाही.’

जयपूरच्या रहदारीला मात्र ही गाडी काय प्रकार आहे ते अजून उमगलेलं नाही. वळायचं असलं की दोन दारांच्या मधल्या खांबातून वीतभर लांबीचा, नारिंगी दिव्याचा हात बाहेर येतो. गाडीचा इंडिकेटर तोच. छोटी चौपडवर अण्णांनी तो काढला की शेजारचा ई-रिक्षावाला काळजीने वाकतो, ‘‘बाबूजी, गाड़ी में से कुछ निकल गया है,’’ आणि दोन बोटांनी तो अलगद आत ढकलून देतो. अण्णा पुन्हा काढतात. पलीकडचा स्कूटरवाला पुन्हा बसवतो. या सगळ्या परोपकारात चौपड ओलांडली जाते आणि अण्णांना वळायचं होतं तिथे ते वळलेले नसतात.

उन्हाळ्यात प्रश्न निराळा. सुरुवातीच्या मायनरच्या इंजिनात पाणी फिरवायला पंपच नव्हता. गरम पाणी आपोआप वर जाणार आणि गार झालं की खाली येणार, अशी इंग्लंडच्या हवेला शोभणारी श्रद्धा. जयपूरच्या 45 अंशांत पाणी वर जातं ते खाली यायचं नाव घेत नाही. पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि त्याचा पंप नुसताच टिकटिकत राहतो. म्हणून मागच्या सीटवर कायम एक सुरई आणि दोन ओली फडकी असतात. एकदा आमेरच्या चढावर काकूंना तहान लागली. त्यांनी सुरईला हात घातला तसे अण्णा ओरडले, ‘‘त्ये तिचं हाय!’’ काकूंनी शांतपणे दोन पेले पाणी पिऊन मगच सुरई पुढे केली. ती सवत असती तर एव्हाना पळून तरी गेली असती, असं त्या म्हणतात.

अलीकडे पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल येऊ लागलं तेव्हा अण्णांची फार ओढाताण झाली. इथेनॉलने जुन्या गाडीचे रबरी पाइप खराब होतात, म्हणून पंपावर त्यांनी सरकारला यथेच्छ शिव्या दिल्या. त्याच रात्री गावाकडून चुलतभावाचा फोन आला, की इथेनॉलमुळे कारखान्याला बरे दिवस आलेत, उसाचं बिल वेळेवर मिळंल. अण्णांनी तोंड भरून सरकारचं कौतुक केलं आणि सकाळी नवे पाइप आणायला गेले.

दर हिवाळ्यात जयपुरात जुन्या मोटारींची रॅली भरते. राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइस, ब्यूक, कॅडिलॅक. शेजारी साफा बांधलेले मालक. अलवरच्या महाराजांनी अपमानाचा सूड म्हणून रोल्स-रॉइस गाड्यांना कचरा वाहायला लावलं, ही दंतकथा ज्या प्रांतात घरोघरी सांगतात, तिथे मायनरला कोण विचारतो? अण्णांच्या गाडीला जागा मिळाली ती कचोरीच्या स्टॉलजवळ. हातात वही घेतलेला एक तरुण आला आणि अदबीने म्हणाला, ‘‘हुकुम, यह किस रियासत की है?’’

‘‘खानापूर तालुका, जिल्हा सांगली,’’ अण्णा म्हणाले. त्याने लिहून घेतलं.

तिथे खरी गर्दी जमली ती मात्र मायनरभोवती. रोल्सपुढे लोक फोटो काढून सरकत होते. इथे थांबत होते. कुणाच्या मामांकडे अशीच होती, कुणी तिच्यात बसून लग्नाला गेलं होतं. एक इंग्रज म्हातारी तर हवामहल बघायचं सोडून तिथेच रेंगाळली. तिच्या गावची नर्स अशाच गाडीतून बाळंतपणं करायला यायची म्हणे. म्हातारीने डोळे पुसले. अण्णा विरघळले, पण अर्ध्याच मिनिटात सावरून म्हणाले, ‘‘मॅडम, व्हेरी बॅड ब्रेक.’’

गाडीला ‘विंटेज’ म्हणून कागदावर मान मिळवायची संधी 2021 मध्ये चालून आली. पन्नास वर्षांवरच्या गाडीची केंद्राच्या नव्या नियमानुसार वेगळी नोंद करता येते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. मुलाने पुण्याहून सगळे फॉर्म धाडले. अण्णांनी चष्मा लावून वाचले. फी 20,000 रुपये. इथवर ठीक. पुढे लिहिलं होतं की अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येणार नाही. प्रदर्शन, रॅली वगैरेंपुरतीच. अण्णांनी चष्मा काढला. ‘‘म्हंजे वीस हजार भरून आपुन भाजी आणायची बंदी इकत घ्याची?’’ फॉर्म वाणसामानाच्या डब्याखाली गेले.

वर्षातून एकदा, पाडव्यानंतरच्या बुधवारी, अण्णा गाडीला मोती डुंगरीच्या गणपतीला नेतात. जयपूरची नवी वाहनं पूजेला इथेच येतात, आणि बुधवारी तर रांग लागते. वरच्या गढीत महाराणी गायत्रीदेवी राहत असत. त्यांच्या आई इंदिराराजे बडोद्याच्या गायकवाडांच्या लेक. तेवढ्या धाग्यावर अण्णा या टेकडीला माहेरचं समजतात. गेल्या खेपेला पुढेमागे शोरूममधून निघालेल्या एसयूव्ही, प्लॅस्टिकही न काढलेल्या, आणि मध्ये मायनर. पुजाऱ्याने बॉनेटवर शेंदराचं स्वस्तिक काढलं, मौलीचा धागा बांधला, नारळ फोडला. मग गाडी सुरू होईना. अण्णांनी खाली उतरून हँडल मारलं, चोक ओढून पाहिला, पंपावर ओलं फडकं ठेवलं. मागून हॉर्न सुरू झाले. शेवटी कांजीवरम आणि बंधगळ्यातली चार कुटुंबं उतरली आणि नव्या गाडीच्या मुहूर्तावर पहिलं काम म्हणून त्यांनी दुसऱ्याची जुनी गाडी ढकलली. मायनर फुरफुरत सुरू झाली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपापल्या गाड्यांसाठी कुणी वाजवल्या नव्हत्या.

तरीही गिऱ्हाइकं येतात. भंगारवाल्याने किलोचा भाव सांगितला, त्याला अण्णांनी फाटकाबाहेर काढलं. मग एका हवेलीचं हॉटेल करणारे शेठ आले. पोर्चमध्ये शोभेला ठेवायची होती. त्यांनी असा आकडा सांगितला की काकूंच्या हातातली पोळी तव्यावर करपली. अण्णा विचारात पडले, आणि मग साफ नाही म्हणाले. ‘‘ह्या डबड्याला येवढं पैसं देणारा एक तर येडा, न्हाईतर लबाड. येड्याला इकली तर मी लबाड ठरतोय, आन लबाडाला इकली तर मी येडा.’’

तिसरा आला तो अजमेरचा निवृत्त रेल्वेवाला. त्याने भाव सांगितलाच नाही. गाडीभोवती हिंडला, पट्टीवरून बोट फिरवलं, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, ‘‘बहुत घटिया बनी है।’’ अण्णा उसळले. मग तो म्हणाला, ‘‘लेकिन ऐसी चीज़ फिर नहीं बनेगी।’’ अण्णा पुन्हा उसळले. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत दोघे एकमेकांच्या विरुद्ध बोलत राहिले, दोन्ही बाजूंनी. गाडीचा सौदा राहिला बाजूला. त्याला फाटकापर्यंत पोचवून अण्णा आत आले ते गंभीर होऊन.

‘‘त्याच्याकडं एक स्टँडर्ड हेराल्ड हाय म्हणं. मद्रासची. धा वर्सं झाकून ठेवलीया. दोन दारं लागत न्हाईत, खालनं गंजून गेलीया, सेल्फ तर मारतच न्हाई. लई बेकार गाडी.’’

इतकी वर्षं संसार केल्यावर काकूंना ही भाषा कळते. त्यांनी काही विचारलं नाही. सकाळी गडी बोलावून अंगणातलं तुळशीवृंदावन तेवढं पाच फूट मागे सरकवून घेतलं.