पपईला चालेल का?

चिरंजीव (पुण्याहून आलेले) : आबा, घरामागच्या हौदाचा स्विमिंग पूल करायचा. डिझाइनसुद्धा आणलंय. ब्राह्मणपुरीतला पहिला पूल आपला!

आबा : हौदात पपईच्या बागेचं पाणी आहे. गल्लीतली पोरं उड्या मारतात. तू स्वतः पाठीला कॅन बांधून त्यातच पोहायला शिकलास. पूल अजून काय वेगळा असतो?

चिरंजीव : शेवाळ धरलंय, प्लास्टर सुटलंय. आतून वॉटरप्रूफिंग करू, वर निळ्या टाईल्स. पाणी कसं निळंशार दिसेल!

आबा : निळं पाणी पपईला चालेल का?

चिरंजीव : पाणी निळं नसतं आबा, टाईल निळी असते.

आबा : मग पपईची हरकत नाही. पुढे बोल.

चिरंजीव : शेताकडची भिंत थोडी खाली घ्यायची. काठावरून पाणी सतत सांडत राहतं. इन्फिनिटी पूल म्हणतात.

आबा : सांडलेलं पाणी पपईला जातं?

चिरंजीव : नाही. खालच्या टाकीत पडतं, पंपाने पुन्हा वर येतं.

आबा : आमच्याकडे ठिबकची नळी फुटली की असंच सांडतं. फक्त आम्ही ती बांधून टाकतो.

चिरंजीव : चेष्टा नको. पाण्यात क्लोरीन लागेल, लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम. सामू ७.२ ते ७.८. रोज तपासायचा.

आबा : माझी शुगर तीन महिन्यांनी तपासतात. ते जाऊ दे. क्लोरीन पपईला...

चिरंजीव : नाही चालणार! पूलचं पाणी पपईला द्यायचंच नाही.

आबा : हौद ३० बाय १५, खोली ५ फूट. म्हणजे ६३ हजार लिटर. उन्हाळ्यात झाडाला दिवसाला २० लिटर धर. तीन हजार झाडांचं एका दिवसाचं पाणी तुझ्या पाठीखाली.

चिरंजीव : एकदाच तर भरायचं! फिल्टर दिवसाला आठ तास चालला की तेच पाणी पुरतं.

आबा : शेतीची लाइटच दिवसाला आठ तास. त्यात कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. रात्री आलेलं पाणी साठवायला तर हा हौद बांधला.

चिरंजीव : साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला २०२४ पासून बिल नाही ना? फिल्टर त्याच मीटरवर टाकू.

आबा : आणि वायरमनने विचारलं, पीक कोणतं, तर? पुणेकर लावलाय म्हणू?

चिरंजीव : शेततळ्याला सरकार अनुदान देतं, ते चालतं!

आबा : योजना ‘मागेल त्याला शेततळं’ अशी होती. पोहायला मागतो, असा रकाना अर्जात नव्हता.

चिरंजीव : पैसे मी देतोय.

आबा : पैसे देशील. पाणी कोण देणार? मे महिन्यात तू पोहायला येणार. तेव्हाच बोअर धापा टाकतो आणि तेव्हाच पपईला तहान लागते.

चिरंजीव : म्हणजे आमच्यापेक्षा झाडं मोठी.

आबा : झाडं बारा महिने इथं असतात.

चिरंजीव : हे टोमणे नकोत. पोरांना इथं यावंसं वाटावं म्हणूनच करतोय ना? चार दिवस झाले की मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसतात.

आबा : पूलच्या काठावर बसतील. मोबाईल तोच.

चिरंजीव : मग येतच नाही आम्ही.

आबा : तसं कोण म्हणतंय? थांब, लाइट आली.

चिरंजीव : आबा, मी बोलतोय!

आबा : बोल ना. पण आधी तो खालचा कॉक उघड. उलटा नको फिरवू!