अकीकवाले काका

विरारच्या फलाटावर सगळ्यांची नजर इंडिकेटरवर असते, अकीकवाले काकांची रुळांमधल्या खडीवर. गाडी लागते, माणसं धावत्या डब्यात उड्या टाकतात आणि काका मात्र 'शीर आहे, पांढरी शीर आहे' असं पुटपुटत फलाटाच्या कडेला वाकलेले. जन्मभर रेल्वेत नोकरी केलेल्या माणसाला गाडी चुकल्याचं दुःख नसतं, हे मी समजू शकतो. पण खडीत काहीतरी सापडेल ही आशा निवृत्तीनंतरही टिकावी, याला वेगळी जातकुळी लागते.

या जातकुळीचा एकेक नमुना बहुतेक सोसायट्यांत असतो. कुणी नाणी जमवतो, कुणी काडेपेट्या. आमच्या वाट्याला दगड आले. काकांचं घर कागदोपत्री दोन बेडरूमचं आहे. त्यांतली एक अकीकांची. तिथे पंखा आहे, माणसांच्या खोलीतला बिघडलाय.

पाहुण्याला चहाच्या आधी हातात दगड मिळतो. "घे. गार लागतो ना? काच एवढी गार लागत नाही." मग दिवा मालवून, मोबाइलची बॅटरी दगडाच्या पातळ कापामागे धरून काका गप्प उभे राहतात. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी आपणही गप्प होतो. मधाच्या रंगाच्या, राखाडी, दुधी रेघा कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या एकीत एक उजळत जातात आणि पार मध्यावर स्फटिकांची बारीक दाटी चमकते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचा बुडबुडा अडकला, पुढे गारेचा अंश विरघळलेलं पाणी त्या पोकळीत झिरपत राहिलं आणि थरावर थर बसले. हे काका इतक्या आपुलकीने सांगतात, की बुडबुडा त्यांच्या ओळखीतला असावा.

पाहुण्याची परीक्षा यानंतर सुरू होते. "केवढ्याला पडला?" विचारणारा नापास. "आमच्या राशीला चालेल का?" विचारणारा नापास, शिवाय त्याला चहात साखर कमी. दगड उलटा करून मागची खडबडीत, न घासलेली बाजू बघणारा पास. तो वर्षाकाठी एखादाच निघतो, आणि काका त्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

एकदा भाचीने मॉलमधून गर्द निळा चकचकीत काप आणला, कप ठेवायला. काकांनी तो दोन बोटांत धरला. "याची रंगपंचमी झालीय." अकीकाला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यामुळे तो रंग पितो, बाजारातले भडक निळे-जांभळे काप बहुतेक असेच रंगवलेले. काळा हवा असेल तर दगड साखरेच्या पाण्यात मुरवायचा आणि मग गंधकाम्लात टाकायचा. आतली साखर जळून कोळसा होते. "म्हणजे करपलेला पाक," काका म्हणाले, "आणि लोक तो अंगठीत घालतात." शेंदरी रंगाबद्दल मात्र त्यांचं मत सौम्य आहे. गुजरातेत भरूचजवळच्या रतनपूरचे दगड खंभातचे कारागीर आधी उन्हात तापवतात, मग शेणाच्या विस्तवात भाजतात. आतलं लोह लालावतं. मी म्हटलं, हीसुद्धा रंगरंगोटीच. "छे! तो रंग त्याच्या पोटातलाच. आपण फक्त धग दिली."

रविवारी ते सोपाऱ्याला जातात. नालासोपाऱ्यात लोक भाड्याचं घर शोधायला जातात, काका प्राचीन बंदर शोधायला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशी-ग्रंथात सोपाऱ्याचं नाव आहे, आणि पैठणहून गाड्यांतून भरूचला जाणाऱ्या अकीकाच्या जातीच्या दगडांचाही उल्लेख आहे. माल भरूचला गेला, सोपाऱ्याला आला नाही, हे शल्य काका अजून बाळगून आहेत. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला बुरुड राजाचा कोट उकरला तेव्हा त्यातल्या स्तूपातून एकात एक ठेवलेले करंडक निघाले. त्यांत सोन्याचाही होता. काका सांगतात फक्त स्फटिकाच्या करंडकाबद्दल. "अकीकाचा सख्खा भाऊ!"

दगड विकत घेण्यापेक्षा घासण्यात त्यांचा जीव जास्त. जुन्या वॉशिंग मशीनची मोटर लावून त्यांनी एक पिंप बनवलंय. त्यात दगड, पाणी आणि कार्बोरंडमची भुकटी. भुकटी बारीक बारीक करत ते पिंप आठवडेच्या आठवडे रात्रंदिवस फिरतं. चाकूला दाद न देणारा दगड, घाई करून चालत नाही. खालच्या मजल्यावरच्यांचं म्हणणं, वर कुणी रात्रभर सुपाऱ्या भरडतंय. खरा स्फोट झाला तो उन्हाळ्यात, टँकरच्या पाण्यावरून. इथे माणसं बादलीच्या रांगेत आणि काका दगड खळखळून धुतायत! सोसायटीच्या सभेत ठराव आला. काकांनी उत्तरादाखल एक शेवाळी अकीक सभेत फिरवायला दिला. ठराव मंजूर झाला, आणि तो अकीक अजून सेक्रेटरींच्या टेबलावर कागद दाबून बसलाय.

काकू या सगळ्यात शांत असतात, असं मला वाटायचं. गेल्या मे महिन्यात काकांचा सर्वांत लाडका, रतनपूरचा गुळगुळीत वाटोळा गोटा गायब झाला. दोन दिवस घर उलथंपालथं. शेवटी तो सापडला बरणीत, कैरीच्या फोडींवर वजन म्हणून. "अहो, लोणच्यावर दगड लागतोच," काकू म्हणाल्या, "आणि घरात दुसरं काय आहे?"

आता भडका उडणार म्हणून मी चपला शोधू लागलो. काकांनी गोटा बाहेर काढला, पुसला, बॅटरी लावून पाहिला. मीठ, आंबट, तेल, मोहरी, कशाचा डाग नाही. रेघ न् रेघ जागच्या जागी. त्यांचा चेहरा उजळला. "रंगवलेला असता तर रंग सुटला असता. अस्सल आहे!" तेव्हापासून शंका आलेला प्रत्येक दगड आधी बरणीत जातो.

तुम्हाला कधी कुणी त्यांच्याकडे नेलंच, तर किंमत विचारू नका, रास तर नकोच नको. दगड उलटा करून बघा. जेवायला बसवतील, बसा. कैरीचं लोणचं उत्तम असतं.