बटाटे नाहीत, गोल्फ आहे!

एडिंबरा

ती. आई-आप्पांना साष्टांग नमस्कार.

रविवारी व्हिडिओ कॉलवर आमचं जागोजागी उकरलेलं मागचं अंगण बघून आईंनी विचारलं, "बटाटे लावलेत का गं?" आमचा चिनू फिदीफिदी हसत सुटला आणि तुमच्या चिरंजिवांनी घाईघाईने फोन स्वयंपाकघराकडे वळवला, म्हणून उत्तर द्यायचं राहिलं. बटाटे नाहीत, आई. हे गोल्फ शिकताहेत.

इथे हा साहेबलोकांचाच खेळ नाही. ब्रेड हिल्सच्या सार्वजनिक मैदानावर आमचा प्लंबरसुद्धा खेळतो, आणि ह्यांच्यापेक्षा बराच बरा. दुसऱ्या जेम्स राजाच्या काळात, १४५७ साली, तिरंदाजीचा सराव बुडतो म्हणून गोल्फवर बंदी आली होती. शहाणी माणसं होती. पुढे ती कुणी उठवली देव जाणे!

ड्रायव्हर नावाच्या दांड्याने मारताना बॉल छोट्या खुंटीवर ठेवतात, ते कसंबसं जमतं. घोडं अडतं ते आयर्न नावाच्या दांड्यापाशी, कारण तेव्हा बॉल गवतातच पडलेला असतो. सेव्हन आयर्नचं पातं तीसेक अंश मागे कललेलं असतं. बॉल वर चढवायचं काम ते पातंच करतं. आपण आपलं खाली मारायचं: आधी बॉल, मग माती. मातीचा टवका उडायचा तो बॉलच्या पुढचा. ह्यांचा नेमका मागचा उडतो, आणि बॉल जागच्या जागी लोळतो.

आप्पा, याचं मूळ तुमच्याकडे आहे. नाशकात गोल्फ क्लब म्हणजे अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे सामने होतात, पहाटे अर्धं गाव चालायला येतं, फक्त गोल्फ तेवढं दिसत नाही. तुम्ही ह्यांना लहानपणी तिथेच क्रिकेटला सोडलंत. त्यामुळे बॉल दिसला की मागच्या पायावर रेलून, खालून उचलून, थेट त्र्यंबक रोडला पाठवायचा, हे अंगात भिनलंय. इथला बॉल बिचारा गप्प पडलेला असतो, तरी हे त्याला उचलायला जातात.

शेवटी सरावाच्या मैदानावर एका स्कॉटिश आजोबांना दया आली. त्यांचं बोलणं निम्मं कळत नाही, पण खुणा चोख. त्यांनी टॉवेल मागितला. ह्यांच्या पिशवीत आईंनी दिलेला पंचा होता. आजोबांनी त्याची घडी करून बॉलच्या मागे वीतभर अंतरावर ठेवली: पंच्याला धक्का न लागता बॉल मारायचा. वजन पुढच्या पायावर आणायचं, बॉलला पातं लागताना हात बॉलच्या थोडे पुढे हवेत, मूठ सैल. ह्यांनी मान डोलावली, दात-ओठ खाल्ले आणि मारला. पंचा बॉलपेक्षा लांब गेला.

तेव्हापासून जेवणाच्या टेबलाशीसुद्धा वजन पुढच्या पायावर असतं. मी काही बोलत नाही.

परवा मात्र एक फटका खरंच बसला. धप्प नाही, खणखणीत टच्च! पंचा जागचा हलला नाही, बॉल उंच चढला आणि दीडशे यार्डांच्या पाटीशी पडला. आजोबांनी टोपी काढली. त्या एका फटक्याने आमचं वाटोळं केलं. आता दिवाळीला नाशिकला गोल्फची बॅग आणणार म्हणतात. खेळाच्या नियमात चौदा दांडे चालतात, पण विमानात मला तेवीस किलोच मिळतात! परतताना भाजणी, कुरडया आणि गोडा मसाला मी कुठे घालू?

आप्पा, तुम्ही एकदा आवाज चढवा, तुमचं ऐकतील. आणि आई, पंचे जरा जाड मिळाले तर बघा. दोन तरी काढून ठेवा.

तुमची,
सूनबाई