पदनामाची बढती

मुंबई महापालिकेत रात्री बॅटरी आणि काठी घेऊन उंदीर मारणाऱ्याचं पदनाम आहे ‘मूषक संहारक’. ऐकून वाटावं, हातात सुदर्शन चक्रच असणार! प्रत्यक्षात रात्रीला ३० उंदरांचा कोटा आणि सकाळी मढ्यांची मोजदाद. उलट शिपाई म्हणजे मुळात सैनिक. त्याच्या हाती साहेबांच्या चहाचा ट्रे.

पगार वाढवायला वित्त विभागाची मंजुरी लागते, नाव वाढवायला शब्दकोश पुरतो. म्हणून झाडूवाल्याचा सफाई कामगार झाला, त्याचा ‘स्वच्छतादूत’ झाला. दूताने परवा हातमोजे मागितले. साहेब म्हणाले, “अहो, दूताला कसले हातमोजे? तसा अर्ज सफाई कामगारांसाठी असतो!”