लेगोचे सेट: संग्रह, वर्गवारी आणि वाद यांचे शास्त्रोक्त विधी

लेगोचा संग्रह करू इच्छिणाऱ्याने आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी, की आपण खेळत नाही. खेळतात ती मुले, आपण संग्राहक. कंपनीनेही आपली अडचण ओळखली आहे. 2020 पासून मोठ्यांच्या सेटचा खोका काळा असतो आणि त्यावर 18+ असे छापलेले असते. त्यामुळे दुकानदाराने 'कुणासाठी हवंय?' असे विचारल्यावर नजर चुकवून 'भाच्यासाठी' म्हणण्याची गरज उरलेली नाही. तरी म्हणावेच. परंपरा आहे.

आता खरेदी. आपल्याकडे खेळण्यांवरचे आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेले आणि 2023 मध्ये 70 वर. त्यामुळे मराठी संग्राहकाचे खरे वितरक म्हणजे न्यू जर्सीची मावसबहीण किंवा दिवाळीला लंडनहून येणारा चुलतभाऊ. यांच्याशी वर्षभर गोड राहावे, त्यांच्या मुलांचे वाढदिवस लक्षात ठेवावेत, तिकडे थंडी किती पडली याची आस्थेने चौकशी करावी आणि तिकीट काढल्याचे कळले की हळूच सेटचा नंबर पाठवावा. पण मावसबहीण व्यवहारी असते. खोक्यात निम्मी हवाच असते हे तिच्या लगेच ध्यानात येते. ती खोका तिकडेच फोडते, आतल्या नंबर घातलेल्या पिशव्या साड्यांच्या घड्यांत कोंबते आणि घरी आल्यावर कौतुकाने सांगते, ''अरे, बघ किती जागा वाचवली! रिकाम्या खोक्याचं काय करायचं होतं तुला?'' अशा वेळी चेहरा हसरा ठेवावा. सीलबंद खोक्याच्या आणि सुट्या पिशव्यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो हे तिला समजावू नये. पुढच्या वर्षी ती नुसते बदाम आणेल.

खोका जिवात जीव असेपर्यंत न उघडणाऱ्यांचेही एक घराणे आहे. हे लोक सेट माळ्यावर ठेवतात आणि भाव चढण्याची वाट बघतात. यांना ताजमहालाची गोष्ट जरूर सांगावी. 2008 साली 5,922 तुकड्यांचा ताजमहाल निघाला. पुढे तो बंद झाला आणि जुन्या बाजारात त्याचा भाव मूळ किमतीच्या कित्येक पट झाला. माळ्यावर ताजमहाल असलेला माणूस चारचौघांत जरा ताठ बसू लागला. 2017 मध्ये कंपनीने तोच ताजमहाल पुन्हा काढला, या खेपेला 5,923 तुकड्यांचा. वाढलेला एक तुकडा म्हणजे घट्ट बसलेल्या विटा उचकटण्याची पट्टी. जुन्या खोक्यांचे भाव धाडकन खाली आले. आमचे मत विचाराल तर खोका उघडावा. भाव पडला तरी निदान घुमट बसवल्याचे समाधान पदरात पडते.

सेट बांधला, मोडला, त्यावर दुसरा मोडला, की ढीग तयार होतो आणि वर्गवारीचा प्रश्न उभा राहतो. ढीग जमिनीवर कधीही ओतू नये. आधी जुनी चादर पसरावी आणि तिच्यावर ओतावे. पाहुणे आले की चार कोपरे उचलून गाठोडे पलंगाखाली ढकलता येते. शिवाय अनवाणी पायाखाली वीट येऊन निघणाऱ्या आरोळीने शेजारी जागे होत नाहीत.

नवशिका पहिल्याच दिवशी रंगांप्रमाणे डबे लावतो. दिसतात सुंदर. लाल, पिवळा, निळा, काळा अशी रांग लागते, फोटोही काढले जातात. मग एका रात्री त्याला एका स्टडची, म्हणजे वर एकच गोल उंचवटा असलेली, काळी चपटी पट्टी हवी असते. काळ्या डब्यात हात घातला की खळखळ असा आवाज होतो आणि वर येतात काळी चाके, काळ्या बिजागऱ्या, काळे दांडे, काळ्या टोप्या. हवा तो तुकडा करंगळीच्या नखाएवढा, आणि काळ्यावर काळा. मोबाइलचा टॉर्च लावून तो पाऊण तास चाचपडतो. आतून आवाज येतो, ''अहो, काय करताय इतक्या रात्री?'' यावर 'काही नाही' हे एकच उत्तर शास्त्रसंमत आहे.

म्हणून लावायचे ते आकाराप्रमाणे. डोळ्याला रंग चटकन दिसतो, आकार शोधावा लागतो. एका स्टडच्या सगळ्या पट्ट्या एका डब्यात असल्या, तर शंभर रंगीत पट्ट्यांतली काळी झाकण काढताक्षणी दिसते. हे ज्ञान अनुभवी माणसे फुकट देतात आणि नवशिके ते घेत नाहीत. डब्यांसाठी फरसाणाचे रिकामे पारदर्शक डबे उत्तम, फक्त ते दोनदा धुवावेत, नाहीतर लेगोच्या अंतराळवीराला हिंगाचा वास येतो. ऐपत असेल तर मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरून नट-बोल्टांचे छोट्या खणांचे कपाट आणावे. 'इतर' असे लिहिलेला डबा मात्र सगळ्यांत मोठा घ्यावा. तरी तो पुरत नाही.

तुकडा अस्सल की नकली, हे स्टडवर बघावे. अस्सल असेल तर प्रत्येक स्टडवर कंपनीचे नाव असते. आजची वीट 1958 च्या विटेवरही बसते. त्या वर्षी 28 जानेवारीला डेन्मार्कमध्ये विटेच्या पोटातल्या नळ्यांचे पेटंट दाखल झाले, आणि तेव्हापासून मापाशी कुणी छेडछाड केलेली नाही. स्टड ते स्टड 8 मिलिमीटर, विटेची उंची 9.6, तीन पट्ट्या रचल्या की एक वीट. फार जुन्या, 1963 च्या आधीच्या विटा वेगळ्या प्लॅस्टिकच्या असल्याने वाकतात. त्यांना स्वतंत्र डबा द्यावा आणि जपून हाताळावे.

आता मुख्य विधी, म्हणजे वाद. 'सर्वांत आवडता सेट कोणता?' या प्रश्नावर मंडळी चहाला जमली, की पहिली पंधरा मिनिटे आपण काही बोलू नये. कुणीतरी 2017 च्या 7,541 तुकड्यांच्या मिलेनियम फाल्कनचे नाव घेईल. त्यावर फक्त 'मोठा आहे' एवढेच म्हणावे, जास्त नाही. मग शांतपणे 1979 चे गॅलेक्सी एक्स्प्लोरर हे अंतराळयान काढावे: निळे अंग, करडे पंख, पिवळी पारदर्शक काच. कुणी नंबर 497 म्हणाला तर युरोपात तो 928 होता असे सांगावे, आणि 928 म्हणाला तर अमेरिकेतला 497 सांगावा. 2022 मध्ये त्याचा मोठा अवतार आला, पण त्याला मूळ सेटची सर नाही असे ठासून म्हणावे. आमच्या मते तो मुळापेक्षा चांगला बांधलाय, पण हे बैठकीत बोलायचे नसते. त्या काळच्या अंतराळवीरांच्या हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा हमखास तुटायचा. कुणाकडे न तुटलेला असेल तर त्याला बसायला चांगली खुर्ची द्यावी.

समोरचा आकड्यांवर आला तर घाबरू नये. आठ स्टडच्या सहा सारख्या विटा किती प्रकारे जोडता येतात असे त्याने विचारले आणि स्वतःच दहा कोटी एकोणतीस लाखांवर सांगितले, तर त्याला बोलू द्यावे. मग म्हणावे की तो हिशेब फक्त सहा मजली मनोऱ्यांचा. कोपनहेगनचे गणिती सोरेन आयलर्स यांनी सगळ्या रचना मोजल्या तेव्हा 91,51,03,765 भरल्या. हा आकडा पाठ असावा, तो कागदावर बघून वाचल्यास परिणाम जातो.

वाद फारच तापला तर करड्या रंगाचा विषय काढू नये. 2004 च्या सुमारास कंपनीने जुना करडा बदलून निळसर करडा आणला, आणि ज्यांचे किल्ले अर्धे बांधून झाले होते त्यांनी तिला अजून माफ केलेले नाही. भरल्या घरात ही जखम उघडू नये. उलट चर्चा थंडावली, लोक चपला शोधू लागले, तर दारापर्यंत सोडायला जाता जाता सहज विचारावे, ''बरं, सेटमधले स्टिकर तुम्ही चिकटवता, की तसेच ठेवता?'' आणि आत जाऊन चहाचे आधण पुन्हा ठेवावे.