अडकलेलं सॉरी

यंदाचा मार्च एंड उरकला, पण माझा काही उरकेना. झोपेत मी ‘ते व्हाउचर कुठंय?’ म्हणून ओरडायचो. शेवटी बायकोनंच इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचा अर्ज माझ्यापुढे सरकवला. (‘मौन पाळावे लागेल’ ही ओळ वाचताना ती जरा जास्तच खुलली होती. असो.)

मोबाइल पहिल्याच संध्याकाळी जमा. पहाटे ४ला घंटा, रात्री ९.३०ला दिवे बंद, मधे दहाएक तास ध्यान. पहिले तीन दिवस नुसता श्वास पाहायचा. मी पाहिला. आत आला तो जमा, बाहेर गेला तो खर्च; दिवसअखेर ताळेबंद काही जुळेना. संध्याकाळी ५ला चहाबरोबर मिळणाऱ्या मूठभर कुरमुऱ्यांवर मात्र माझं चित्त विनासायास एकाग्र व्हायचं.

रात्रीच्या प्रवचनात कळलं, ही शिबिरं सुरू करणारे गोएंका गुरुजी आधी ब्रह्मदेशात व्यापारी होते. अर्धशिशीवर इलाज म्हणून ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा डोकेदुखीसाठी ही विद्या नाही म्हणून त्यांना आधी नकारच मिळाला. हे ऐकताना मी गुपचूप पोटावरचा हात काढला. मी ॲसिडिटीसाठी आलो होतो. त्यात हे ऊ बा खिन कोण, तर ब्रह्मदेशाचे महालेखापाल! अख्ख्या देशाचे हिशेब सांभाळून हा माणूस कचेरीतल्या लोकांना ध्यान शिकवायचा. आणि पंपांच्या कारखान्याची बिलं तपासून माझी झोप उडालेली.

चौथ्या दिवसापासून अंगावर येतील-जातील त्या संवेदना नुसत्या पाहायच्या. आणि अधिष्ठान. तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. मी उशा जमवल्या : बुडाखाली दोन, गुडघ्यांखाली एकेक, एक राखीव. पाचव्या दिवशी तास संपला, मी ऐटीत उठलो आणि कळलं की डावा पाय अजून समाधीतच आहे. शेजारचे काका डोळे मिटून बसलेले. ८६ किलोंचा मी थेट त्यांच्या मांडीवर.

आणि आर्य मौन! बोलायचं नाही, खुणा नाहीत, नजरानजरही नाही. ऑफिसात मी दिवसाला वीस सॉरी फुकट वाटतो. इथे एक घशात अडकलं. पाच दिवस ध्यानात मी माफीच्या मेलचे मसुदे करत होतो. तिसऱ्या मसुद्यात मॅनेजरनाही सीसीत घेतलं.

दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटलं. मी धावत काकांना गाठलं. घसा इतका गंजला होता की ‘सॉरी’ कोंबड्यासारखं निघालं.

“कशाबद्दल?”

“मी पडलो होतो ना... तुमच्या अंगावर. पाचव्या दिवशी.”

काका क्षणभर विचारात पडले. “ते तुम्ही होतात होय? मला वाटलं, संवेदनाच आहे. म्हटलं पाहत राहू, आली तशी जाईल.” मग मांडी चोळत म्हणाले, “गेली. पण दोन दिवस लागले.”