कुंपणावरचा ठराव

"वहिनी, कपडे मागाहून वाळत घाला, आधी इकडे या. काल आमच्या मुग्धाचा फोन होता कॅलिफोर्नियाहून. तिच्या धाकट्याला स्पॅनिश शाळेत घातलंय म्हणे!"

"अगं बाई! घरात मराठी, दारात इंग्रजी, त्यात आणि स्पॅनिश कशाला?"

"सरकारी शाळा आहे, फुकट. बालवर्गात जवळजवळ सगळं स्पॅनिशमधून, मग वरच्या वर्गात इंग्रजी वाढवत नेतात. आणि गंमत म्हणजे, अशा शाळांना वाट मिळाली मतपेटीतून."

"म्हणजे नगरसेवकानं आणली?"

"कुठला नगरसेवक! तिथे मतपत्रिकेवर उमेदवारांबरोबर ठरावही छापतात. 1998 साली ठराव 227 आला, की मुलांना इंग्रजीतूनच शिकवा. रॉन उन्झ नावाचा सॉफ्टवेअरमधला श्रीमंत माणूस मोहिमेच्या पुढे. 61 टक्के लोक 'हो' म्हणाले आणि द्विभाषिक वर्ग बरेचसे आटले. मग 2016 ला ठराव 58, ते बंधन उठवायचा. 73 टक्के 'हो'! ट्रम्प पहिल्यांदा निवडून आला ना, त्याच दिवशी."

"मग अठ्ठ्याण्णवचे लोक काय वेडे होते?"

"नाही हो. त्याआधी 1996 मध्ये लॉस एंजेलिसच्या नाइन्थ स्ट्रीट शाळेत आईबापांनी मुलं पाठवणंच बंद केलं होतं. कपड्यांच्या कारखान्यात राबणारी, स्पॅनिश बोलणारी माणसं ती. त्यांचं म्हणणं, आमच्या मुलांना आधी इंग्रजी शिकवा."

"हे तर आमच्या सूनबाईचंच बोलणं झालं!" वहिनी हसल्या. त्यांचा नातू सकाळी टॉवरवाल्या मुलांबरोबर पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जातो. त्यांचे यजमान मात्र 5 जुलै 2025 ला वरळीत मराठीसाठी भरलेल्या मेळाव्याला जाऊन घसा बसवून आले होते. मी एवढंच म्हटलं, "भाऊजींचा घसा मराठीसाठी आणि फी इंग्रजीसाठी, होय ना?"

"बोला, बोला. पण तुमच्या अमेरिकेत विचारलं तरी. आपल्याला कुणी विचारलं?"

खरंच आहे. 2025 च्या 16 एप्रिलला सरकारचा जीआर निघाला, पहिलीपासून हिंदी सक्तीची. ओरड झाली तेव्हा 17 जूनला सुधारून काढला: सक्ती नाही, पण हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी तर वर्गात किमान 20 मुलं जमवा. 29 जूनला दोन्ही जीआर मागे आणि नरेंद्र जाधवांची समिती. आपल्याकडे हीच पद्धत. आधी हुकूम काढायचा, मग लोकांचं मत मोर्चावरून मोजायचं.

"आपल्याकडे मत घेतच नाहीत असं नाही हो," वहिनींना माहेर आठवलं. त्या पेडण्याच्या. "16 जानेवारी 1967. गोवा महाराष्ट्रात घालायचा की वेगळा ठेवायचा. फूल की दोन पानं. आमचे बाबा फुलावर शिक्का मारून आले आणि पानं जिंकली. 34 हजारांच्या फरकानं! मराठी-कोकणीचं भांडण होतंच की त्यात. पण बाबा म्हणायचे, मत घेतलं ना, मग निकाल मानायचा."

मी ओट्यावरून आमच्या ओवीचं पहिलीचं पुस्तक उचलून दाखवलं. बालभारतीचंच. मराठी शब्द आणि शेजारीच इंग्रजी. "बघा, दोन भाषा एका पानावर आल्याच आहेत. वर सेमी-इंग्रजीत गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकीचं मराठीतून. आपली द्विभाषिक शाळा हीच."

"पुस्तक छान आहे. शिकवतं कोण? गुरुजी मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरतात!"

इथे मात्र वहिनींनी मला गप्प केलं. आमच्या ठाण्यातल्या कोलशेतमध्ये कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, प्रत्येकाला गार्डन आलं, क्लबहाऊस आलं. पण मराठी शाळेत इंग्रजी नीट शिकवणारी बाई हवी, असं कुठल्या पक्षाच्या जाहीरनाम्यात लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही. तिसरी भाषा पहिलीत की पाचवीत, यावर मात्र तावातावानं भांडतात. दोन तरी धड येऊ देत की आधी!

"आपण कुंपणावर ठराव करू या," वहिनी म्हणाल्या. "मत मागायला येईल त्याला चहा नंतर. आधी विचारायचं, मराठी शाळेतल्या प्रत्येक वर्गाला शिक्षक कधी देणार आणि इंग्रजीची बाई कोण?"

ठराव दोन विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झालाय. तुमच्याही दारात कुणी येईल, तेव्हा तेवढं विचारा.